मेजावरचे चित्र

एका खिडकीची दगडी चौकट आहे. चौकटीपलीकडे गडद काळोख आहे. त्यात झाड नाही, आकाश नाही, एखादी चांदणीही नाही. वरून एक दोरा खाली आला आहे आणि त्याला एक पिवळे फळ टांगलेले आहे. दिसावयास ते पेरूसारखे आहे. त्याचे नाव क्विन्स. त्याच्या शेजारी, थोडा खाली, दुसऱ्या दोऱ्याला कोबीचा एक गड्डा लोंबत आहे. आणखी खाली, खिडकीच्या कट्ट्यावर, कापलेले खरबूज व त्याची एक फोड, आणि सर्वांच्या शेवटी एक काकडी. काकडीचे टोक कट्ट्याच्या कडेबाहेर असे काही आले आहे की, हात पुढे केला तर ते बोटांना लागेल असे वाटावे. चित्रात एवढेच आहे.

स्पेन देशातील टोलेडो नगरात राहणाऱ्या हुआन सांचेझ कोतान या चित्रकाराने हे चित्र सुमारे १६०२ साली रंगविले. आज ते अमेरिकेतील सॅन डिएगो येथील कलासंग्रहालयात आहे. या चित्रात राजा नाही, लढाई नाही, देवदूतही नाहीत. तरीही पाहणारा त्याच्यासमोर थबकतो. कोतानने त्यात कोणतीही विलक्षण वस्तू आणलेली नाही. भाजीपाला दोऱ्याला टांगून ठेवण्याची रीत त्या काळी स्पेनमधील घरांत होतीच. तसे केल्याने तो अधिक दिवस टिकत असे. कोठीघरात रोज दिसणारी गोष्टच त्याने उचलली. दोऱ्यांची लांबी मात्र त्याने विचारपूर्वक ठरविली. त्या क्विन्सवर बोट ठेवा आणि तेथून कोबी, खरबूज, फोड, काकडी असे क्रमाने खाली या. तुमचे बोट एका डौलदार वक्ररेषेवरून घसरत येते! उजवीकडचा वरचा भाग त्याने रिकामा सोडला आहे. तो रिकामा काळोख नसता, तर ही रेषा आपल्या डोळ्यांना जाणवलीही नसती.

अशा चित्राला आपण स्थिरचित्र म्हणतो. तुमच्यापैकी जे विद्यार्थी पुढे शासनाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसतील, त्यांना हा विषय अभ्यासावाच लागेल. परंतु आज आपल्याला विचार करावयाचा आहे तो रंग व कुंचला यांचा नव्हे, तर कॅमेऱ्याचा. कोतानसारख्या जुन्या चित्रकारांच्या चित्रांवरून स्थिरवस्तूंचे छायाचित्र कसे रचावे, हे आपण पाहू. हल्ली बहुतेक घरांत, निदान वडीलमाणसांच्या खिशातल्या फोनमध्ये, कॅमेरा असतोच. त्यामुळे छायाचित्र घेणे म्हणजे नुसती कळ दाबणे, असा आपला समज होऊन बसला आहे. वस्तुतः स्थिरचित्रात कळ दाबण्याचे काम अगदी शेवटचे आणि बहुधा सर्वांत सोपे असते.

चित्रकार आणि छायाचित्रकार यांच्या कामांत एक मोठा भेद आहे. तो ध्यानात आल्यावाचून पुढील गोष्टी नीट समजावयाच्या नाहीत. यान फान हाउसम हा डच चित्रकार फुलांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे एक चित्र आहे : भाजलेल्या मातीची फुलदाणी आणि तीत फुलांचा भरगच्च गुच्छ. या एकाच चित्रावर त्याने दोन साले घातली आहेत, १७३६ आणि १७३७. असे का बरे? फान हाउसम खऱ्या फुलांवरून चित्र काढीत असे आणि गुच्छातील सारी फुले काही एकाच ऋतूत उमलत नाहीत. एक फूल वसंतात रंगवावे, दुसऱ्यासाठी महिनोन्महिने थांबावे, असे चाले. १७४२ साली तर पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून आपले चित्र अपुरे राहिले आहे, असे त्याने पत्राने कळविले होते. म्हणजे जो गुच्छ आपण त्या चित्रात पाहतो, तो कोणत्याही बागेत, कोणत्याही दिवशी एकत्र नव्हता. तो फुलला तो केवळ पटावर.

छायाचित्रकाराला ही मुभा नाही. कॅमेऱ्यासमोर जे नाही ते त्याच्या चित्रात येत नाही, आणि जे आहे ते सगळे येते, अगदी मागे दोरीवर वाळत घातलेला पंचासुद्धा! चित्रकाराला फळ दोन बोटे डावीकडे हवे असेल, तर तो ते तेथे रंगवितो. छायाचित्रकाराला उठून ते फळ सरकवावे लागते. चित्रकार जे पटावर करतो, ते छायाचित्रकाराने आधी मेजावर करावयाचे असते. जुन्या चित्रांकडून त्याने काही शिकावयाचे असेल, तर ते हेच : वस्तू कोठे ठेवावी, उजेड कोठून घ्यावा आणि काय वगळावे.

छायाचित्रणाच्या अगदी बाल्यावस्थेतच ही गोष्ट एका गृहस्थाच्या ध्यानी आली होती. इंग्लंडमध्ये लॅकॉक येथे राहणारे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी कागदावर उलटी प्रतिमा घेऊन तिच्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची रीत शोधून काढली. १८४४ पासून १८४६ पर्यंत त्यांनी एक पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले. त्यात खरीखुरी छायाचित्रे चिकटविलेली होती. त्यांपैकी एका चित्रात अर्धवट उघडे दार आहे, आत अंधार आहे आणि दाराशी एक झाडू टेकवून ठेवला आहे. झाडूचे चित्र कशाला घ्यावे, असे त्या काळच्या वाचकाला वाटणे साहजिक होते. म्हणून टॅल्बट यांनी सोबतच्या मजकुरात डच चित्रकारांचा आधार दिला. नित्याच्या परिचयातील साध्या गोष्टी चित्राचा विषय होऊ शकतात, हे डचांनी आधीच सिद्ध केले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. झाडू मात्र कोणी विसरून गेलेला नव्हता. तो तेथे मुद्दाम, तिरपा, उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर ठेवलेला होता. त्याच पुस्तकाचे शेवटचे चित्र फळांनी भरलेल्या टोपल्यांचे आहे.

आता आपण आपल्या मेजाकडे वळू, आणि प्रथम प्रकाशाचा विचार करू. कारण माझ्या मते स्थिरचित्राचे निम्म्याहून अधिक काम तोच करतो.

ज्या जुन्या चित्रांविषयी आपण बोलत आहो, त्यांत उजेड बहुधा एकाच बाजूने येतो. वस्तूची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि या दोहोंच्या मध्ये प्रकाश हळूहळू मावळत जातो. तो मावळणारा पट्टा पाहूनच आपल्याला कळते की, लिंबू गोल आहे. उजेड समोरून पडला तर हा पट्टाच उरत नाही. लिंबू चपटे दिसते, पिवळ्या कागदाची टिकली चिकटवावी तसे. कॅमेऱ्यातून चमकणारा दिवा नेमके हेच करतो. म्हणून तो प्रथम बंद करा. घरातील दिवेही मालवा. एकच खिडकी उघडी ठेवा व बाकीच्या चादरीने झाका. त्या खिडकीतून ऊन थेट आत येत नसावे. नुसता उजेड यावा. मेज खिडकीच्या बाजूला असे ठेवा की, तुम्ही मेजासमोर उभे राहिलात म्हणजे खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल.

मेज खिडकीच्या जवळ ठेवले तर सावल्यांच्या कडा मऊ होतात. कारण मोठ्या खिडकीचा उजेड अनेक दिशांनी येऊन वस्तूला वळसा घालतो. मेज दूर नेले, किंवा चादर ओढून खिडकीची नुसती फट ठेवली, की सावल्या काटेकोर होतात. कोणती सावली हवी, हे तुम्ही ठरवा. एखादी बाजू फारच काळवंडली असेल, तर त्या बाजूस पांढरा कागद उभा धरा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत फिरतो आणि अंधाऱ्या बाजूस थोडासा पोचतो. कागद जवळ आणा, दूर न्या, आणि लिंबावरची सावली कशी पातळ व दाट होते ते डोळ्यांनी पाहा. हा खेळ मी कितीतरी मुलांना दाखविला आहे, आणि एकालाही त्याचा कंटाळा आलेला मला आठवत नाही.

कोतानच्या चित्रातील तो गडद काळोख छायाचित्रात आणावयाचा, तर भिंत काळ्या रंगाने रंगवावी लागेल, असे तुम्हांला वाटेल. तशी गरज नाही. खिडकीपासून अंतर वाढले की प्रकाश झपाट्याने उणा होतो. मेज खिडकीजवळ असले आणि मागची भिंत तेथून बरीच दूर, खोलीच्या अंधाऱ्या बाजूला असली, तर साधी भिंतही चित्रात काळपट दिसते. आपल्या डोळ्यांना ती भिंत स्पष्ट दिसत असते. कारण आपला डोळा उजेडाशी आणि अंधाराशी भराभर जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ते तितकेसे साधत नाही. उजळलेल्या फळावर त्याचे माप बसविले, की मागचे सारे अंधारात बुडते. कॅमेऱ्याचा हा उणेपणा येथे आपल्याच कामी येतो.

एवढी तयारी झाल्यावर मेजावर काय ठेवावे? मी प्रथम असे छायाचित्र घेतले, तेव्हा जुन्या चित्रांचे वैभव माझ्या डोळ्यांत भरले होते. मी समई आणली, चांदीचे तबक आणले, द्राक्षांचे घोस, मोरपिसे, आजीची शाल, सारे काही आणून मेजावर रचले. चित्र पाहिले तर ते एखाद्या दुकानासारखे दिसत होते! कोठे पाहावे हेच कळेना. मग एकेक वस्तू मी परत ठेवू लागलो. शेवटी एक पितळी तांब्या, दोन लिंबे आणि एक घडी केलेला पंचा एवढेच उरले. आणि तेव्हा कोठे ते चित्र बोलू लागले.

फ्रान्समधील झाँ शार्दँ या चित्रकाराला ही काटकसर उत्तम साधली होती. त्याचा जन्म १६९९ सालचा व मृत्यू १७७९ सालचा. त्याचे वडील सुतारकाम करीत. सुमारे १७६१ साली त्याने रंगविलेले एक चित्र अमेरिकेत पिट्सबर्ग येथे आहे. पाण्याने भरलेला काचेचा पेला, कॉफीचे एक भांडे आणि लसणाचे गड्डे, एवढाच त्याचा विषय. तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात याहून अधिक ऐवज असतो. पण काच आणि पाणी त्याने गडद रंगासमोर ठेवले आहे, आणि म्हणून त्यांच्या कडा उजळून दिसतात. काचेचे हे लक्षण ध्यानात ठेवा : अंधारासमोर तिच्या कडा चमकतात आणि उजेडासमोर त्या काळ्या दिसतात. पेला खिडकीसमोर धरून पाहा व मग काळ्या वहीसमोर धरून पाहा, म्हणजे याची प्रचीती येईल.

शार्दँविषयी त्याच्या स्नेह्याने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. तरुणपणी त्याला एक मेलेला ससा रंगवावयाचा होता. अंगावरचे केस न् केस रंगवीत बसलो तर ससा हरवेल, हे त्याने जाणले. म्हणून त्याने तो ससा इतक्या दूर ठेवला की, बारीकसारीक गोष्टी दिसूच नयेत. दिसावे ते फक्त मोठे आकार, उजेड आणि सावली. तुम्हीही मांडणी झाली की चार पावले मागे या आणि डोळे अर्धवट मिटा. लेबले, नक्षी, डाग पुसट होतात आणि उजेडाचे व अंधाराचे ठोकळे तेवढे उरतात. ते ठोकळे एका बाजूला कलले असतील, तर एखादी वस्तू हलवा.

मांडणीचे ठाम नियम सांगणारे लोक भेटतात. माझा त्यांवर फारसा विश्वास नाही. तथापि चित्रे पाहता पाहता काही युक्त्या कळतात. हार्लेम येथील विलेम क्लास हेडा याने १६३५ साली रंगविलेले एक मेज ॲम्स्टरडॅमच्या राईक्स संग्रहालयात आहे. त्यात भांडी उंच-ठेंगणी आहेत, एक आडवे पडले आहे, काही एकमेकांना थोडी झाकतात; आणि अर्धवट सोललेल्या लिंबाची साल मेजाच्या कडेवरून खाली लोंबते आहे. एका रांगेत उभ्या केलेल्या वस्तू शाळेच्या प्रार्थनेतील मुलांसारख्या दिसतात. हेडाच्या वस्तू मात्र नुकतेच कोणी जेवण अर्धे टाकून उठून गेले असावे अशा दिसतात. हा गोंधळ त्याने किती विचाराने घातला असेल! कोतानची काकडी आणि हेडाची साल या दोघी एकच काम करतात. त्या मेजाची कड ओलांडून आपल्या बाजूस येतात, आणि मग चित्रातील जागा सपाट न राहता खोल वाटू लागते.

कॅमेरा किती उंचीवर धरावा, हेही महत्त्वाचे आहे. आपण उभे राहून वरून चित्र घेतो, त्यामुळे ताट दिसते पण तांब्याचा घाट दिसत नाही. गुडघ्यांवर बसा आणि कॅमेरा मेजाच्या पातळीपेक्षा किंचित वर आणा. फोनचा कॅमेरा वस्तूच्या फार जवळ नेला, तर पुढची वस्तू फुगून मोठी दिसते व मागची उगाच लहान होते. म्हणून थोडे मागे सरून चित्र घ्यावे आणि नंतर कडा कापाव्या. खोलीतला उजेड मंद असल्याने कॅमेरा हलता कामा नये. चार पुस्तकांच्या चळतीवर तो टेकवून ठेवला की पुरे.

आता एक गंमत सांगतो. माझ्या त्या पितळी तांब्याचे छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा त्याच्या पोटावर एक इवलासा मनुष्य बनियन घालून उभा असलेला दिसला. तो मीच होतो! चकचकीत भांडे हे एक प्रकारचे वाकडे आरसेच असते. त्यात खिडकीही उमटते आणि तुम्हीही. हे टाळावयाचे असेल, तर काळसर कपडे घालून अंधाऱ्या बाजूस उभे राहावे. पण ते टाळलेच पाहिजे असेही नाही. क्लारा पेटर्स नावाच्या एका स्त्री-चित्रकाराने १६१२ साली सोनेरी पेल्यांचे एक चित्र काढले. ते जर्मनीतील कार्ल्सरूह येथे आहे. त्यातील पेल्याच्या फुगीर भागांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांत चित्र काढणाऱ्या क्लाराचीच अगदी चिमुकली प्रतिमा दिसते. त्या काळी चित्रकार म्हणून नाव मिळविणाऱ्या स्त्रिया फार थोड्या होत्या. क्लाराच्या आयुष्याविषयी आज फारसे काही उपलब्ध नाही. पण ती त्या मेजासमोर हाती कुंचला घेऊन उभी होती, याची साक्ष तिनेच त्या पेल्यात ठेवली आहे.

फळे निवडताना बाजारातील सर्वांत गुळगुळीत फळच घ्यावे, असेही नाही. काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने सोळावे शतक संपता संपता फळांची एक टोपली रंगविली. ती मिलान येथे आहे. टोपली आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असून तिचा तळ मेजाच्या कडेबाहेर किंचित आला आहे. पुढच्याच सफरचंदाला किडीने भोक पाडले आहे. पाने कोठे कुरतडलेली, कोठे वाळून मुरडलेली आहेत. काराव्हाज्जोला ते सफरचंद सहज वळवून ठेवता आले असते. त्याने ते तसेच ठेवले. आणि म्हणूनच ती टोपली खरोखर कोणाच्या तरी बागेतून आली, असे आपल्याला पटते.

याच काराव्हाज्जोचे नाव पुढे साडेतीनशे वर्षांनी एका छायाचित्रकाराने आपल्या चित्रांना दिले. त्याचे नाव योसेफ सुदेक. १८९६ साली जन्मलेला हा झेक मनुष्य मूळचा पुस्तकबांधणीचा कारागीर. पहिल्या महायुद्धात त्याला इटलीच्या आघाडीवर जखम झाली आणि त्याचा उजवा हात कापावा लागला. एका हाताने पुस्तके कशी बांधावी? तो छायाचित्रणाकडे वळला. प्राग शहरातील एका घरामागच्या बागेत लाकडी फळ्यांची एक छोटी खोली होती. तेथे त्याने आपली कार्यशाळा थाटली. जड लाकडी कॅमेरे तो एका हाताने चालवी. १९५६ साली त्याने ‘काराव्हाज्जोवरून स्थिरचित्र’ या नावाची छायाचित्रे रचली. जुन्या चित्राची हुबेहूब नक्कल करण्याचा त्याचा हेतू नव्हता. त्याने त्या चित्रकाराकडून घेतला तो एका बाजूचा उजेड आणि थोडक्या वस्तूंवरचा विश्वास.

हा विश्वास त्याला एका कठीण काळात गवसला होता. १९३९ साली जर्मन सैन्याने प्राग व्यापले. रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडणे धोक्याचे झाले. ज्याला हात एकच, त्याची आता वाटही अडली. सुदेक आपल्या खोलीत बसला आणि १९४० पासून समोरच्या खिडकीचीच चित्रे घेऊ लागला. खिडकीच्या कट्ट्यावर तो कधी पाण्याचा पेला ठेवी, कधी एखादे फूल. थंडीत काचेवर दहिवर साचे, थेंब ओघळत, आणि त्यांच्यापलीकडे बागेतील एक वाकडे झाड अंधुक दिसे. उजेड मनाजोगा येईपर्यंत तो थांबे. १९४५ साली युद्ध संपले, रस्ते मोकळे झाले. तरीही १९५४ पर्यंत तो त्याच खिडकीची चित्रे घेत राहिला.